पटरच्या तळाचे दोन स्क्रू

पटर म्हणजे गोल्फचा चेंडू जमिनीवरून घरंगळवत कपात, म्हणजे शेवटच्या खड्ड्यात, घालण्याची काठी. माझ्या पटरच्या डोक्याच्या तळाला, टाचेकडे (खेळणाऱ्याच्या पायांकडच्या बाजूला) एक आणि टोकाकडे एक, असे शर्टाच्या बटणाएवढे दोन गोल स्क्रू आहेत. एका छोट्या चावीने ते काढता येतात आणि त्यांच्या जागी तेवढ्याच आकाराचे, पण वेगळ्या वजनाचे दुसरे बसवता येतात. आकार तोच ठेवून वजन बदलण्याची ही किमया धातूची असते. ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, पोलादाची सुमारे ७.८ आणि टंगस्टनची १९.३, त्यामुळे डोळ्यांना सारखे दिसणारे दोन स्क्रू तळहातावर घेतले की त्यांच्यातला फरक कळतो. असा पटर घ्यावा का, त्या स्क्रूंचा खरोखर काही उपयोग होतो का, असे मला क्लबातल्या मैत्रिणी नेहमी विचारतात. या प्रश्नाचे माझे उत्तर गेल्या काही वर्षांत दोनदा बदलले आहे आणि ते का बदलले, हे सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते.

माझे वडील लष्करात होते. लहान छावण्यांतल्या ज्या कोर्सवर मी त्यांच्या मागे चालत गोल्फ शिकले, तिथे ग्रीन, म्हणजे कपभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, नव्हतेच, ब्राऊन होते. बारीक वाळूत गाडीचे जळके तेल मिसळून ती दाबून सपाट केलेली असे, आणि आपला खेळ झाला की मागून येणाऱ्यांसाठी लाकडी फावड्याने पाऊलखुणा पुसून ठेवायच्या, हा तिथला शिष्टाचार होता. त्या तेलकट वाळूवर चेंडू फारसा धावत नसे. वडिलांचा पटर पातळ पात्याचा आणि हलका होता, आणि त्याने मनगटातून एक छोटासा टोला द्यायचा, एवढेच मला शिकवले गेले. पटरला वजन असते आणि ते मोजता येते, हा विचार त्या काळात आमच्यापैकी कुणाच्या मनातही आला नव्हता.

पुढे पुण्यात स्थायिक झाले. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तीस वर्षे यंत्रशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर पुन्हा नियमितपणे खेळू लागले. वडिलांचा पटर तोवर गंजून गेला होता. नामांकित कंपनीचा नवा पटर भारतात सहज तीस हजार रुपयांच्या पुढे जातो, म्हणून मी एका परिचितांकडून त्यांचा वापरलेला, पण उत्तम अवस्थेतला पटर घेतला. तो ३५ इंच लांबीचा होता. पुरुषांच्या पटरची ही अगदी सर्वसाधारण लांबी आहे. माझी उंची मात्र १५५ सेंटिमीटर आहे. ३५ इंची पटर हातात घेऊन मी उभी राहिले की एकतर दांड्याचे वरचे टोक पोटाला लागे, नाहीतर पटरची टाच जमिनीवर टेकून टोक हवेत राही, आणि टोक वर राहिले की पटरचे तोंड आपल्याला वाटते त्यापेक्षा डावीकडे बघू लागते. म्हणून मी दुरुस्तीवाल्याकडून दांडा दोन इंच कापून घेतला. उभे राहणे एकदम सुखाचे झाले, चेंडू बरोबर डोळ्यांखाली आला, आणि त्याच दिवसापासून माझे लांबचे पट, म्हणजे पटरचे फटके, बिघडले.

कारण मला पहिल्या महिन्यात समजले नाही. ते माझ्या कॅडीमामांना, म्हणजे माझी गोल्फची पिशवी घेऊन सोबत चालणाऱ्या मामांना, माझ्या आधी दिसले. ते त्या कोर्सवर माझ्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे चाललेले आहेत आणि बोलतात मोजके. नवव्या होलवर माझा तिसरा पट झाल्यावर ते म्हणाले, ‘मॅडम, लाइन बरोबर आहे तुमची, पण मनगट मोडतंय. पूर्वी पटर जात होता, आता तुम्ही त्याला नेताय.’

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. समजा, पटरच्या डोक्याचे वजन ३५० ग्रॅम आहे आणि पकडीचा मध्य वरच्या टोकापासून ४ इंचांवर आहे. म्हणजे ३५ इंची पटरमध्ये डोके हातांपासून ३१ इंचांवर असते, आणि दोन इंच कापल्यावर ते २९ इंचांवर येते. डोक्याचे वजन एका ग्रॅमनेही कमी झालेले नसते, पण वजन गुणिले अंतर हा जो गुणाकार हातांना जाणवतो, तो सुमारे साडेसहा टक्क्यांनी उतरतो. पटर हलका वाटू लागतो आणि हलक्या डोक्याला पुढे न्यायचे काम, कुणीही न सांगता, मनगट आपल्याकडे घेते. माझ्या मनगटाला तर ते बालपणापासून ठाऊकच होते. आता प्रत्येकी १० ग्रॅमच्या दोन स्क्रूंच्या जागी प्रत्येकी २० ग्रॅमचे बसवले, तर डोके ३७० ग्रॅमचे होते आणि तोच गुणाकार मूळच्या आकड्याच्या एका टक्क्याजवळ परत येतो. पटर बनवणाऱ्या काही कंपन्या आखूड पटरमध्ये जड स्क्रू आणि लांब पटरमध्ये हलके स्क्रू बसवूनच विकतात, हे मला नंतर कळले. त्यांना एकाच साच्याचे डोके वेगवेगळ्या लांबीच्या दांड्यांवर बसवायचे असते, आणि तो मेळ घालण्याचे काम हे स्क्रू करतात.

मी २० ग्रॅमचे दोन स्क्रू मागवले, बसवले, आणि पहिल्याच सकाळी सरावाच्या ग्रीनवर दहा मीटरचा पट मारताना पटर पुन्हा स्वतःच्या वजनाने मागे गेला आणि स्वतःच्या वजनाने पुढे आला. मामा काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी पुढचा चेंडू जरा लांबून मारायला ठेवला. त्यावेळी कुणी विचारले असते, तर हा पटर घ्याच, असे मी कळकळीने सांगितले असते.

उत्तर पहिल्यांदा बदलले ते त्यानंतरच्या वर्षात. स्क्रू बदलल्याने एकदा गुण आला, म्हणून मी ते बदलतच राहिले. एखाद्या रविवारी दोन मीटरचे पट चुकले की सोमवारी मी चावी हातात घेई. ज्येष्ठांनी सांगितले की पावसाळ्यात ग्रीन ओले आणि मंद असते, म्हणून जड स्क्रू लावावेत. दुसऱ्यांनी तितक्याच खात्रीने सांगितले की हिवाळ्यात ग्रीन वेगवान असते, म्हणून जड स्क्रू लावावेत, कारण जड डोक्याने हात थरथरत नाही. दोन्ही सल्ले अनुभवी माणसांचे होते आणि दोन्ही मी पाळून पाहिले.

या परस्परविरोधाचा उलगडा गोल्फच्या इतिहासात थोडाफार सापडतो. १९३५ च्या अमेरिकन ओपनमध्ये ओकमाँटच्या कोर्सवर एका अव्वल खेळाडूचा पट ग्रीनवरून घरंगळत बाहेर गेलेला एडवर्ड स्टिम्पसन यांनी पाहिला, आणि ग्रीनचा वेग मोजण्यासाठी त्यांनी एक साधी लाकडी पन्हळ तयार केली. पन्हळीच्या खाचेत चेंडू ठेवून तिचे टोक हळूहळू उचलायचे, विशिष्ट कोनाला चेंडू सुटतो, आणि तो ग्रीनवर जितके फूट धावेल तितका त्या ग्रीनचा वेग. १९७८ पासून अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ॲल्युमिनियमची पन्हळ क्लबांना देण्यास सुरुवात केली. त्या सुमाराच्या मोजणीत तिथल्या ग्रीनची सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास होती. आज व्यावसायिक स्पर्धांत ११ ते १३ फुटांचे ग्रीन नेहमीचे झाले आहेत. या काळात पटरची डोकी हलकी होत गेली नाहीत, उलट जड होत गेली. मंद ग्रीनवर लोक हलक्या पात्याने मनगटातून टोला देत असत, माझ्या वडिलांनी ब्राऊनवर दिला तसाच. ग्रीन वेगवान झाल्यावर टोल्याची गरज संपली, खांद्यांतून झुलणारा संथ स्ट्रोक आला, आणि त्या संथपणाला जड डोके मानवले. म्हणजे वजनाचे नाते मुख्यतः स्ट्रोकच्या धाटणीशी आहे आणि ग्रीनच्या वेगाशी ते त्या धाटणीमार्फत जोडलेले आहे. एकच माणूस, आपली धाटणी तशीच ठेवून, केवळ ऋतू बदलला म्हणून स्क्रू बदलत असेल, तर तो पटरची हातांशी जमलेली ओळख दर चार महिन्यांनी पुसत असतो.

शिवाय वजन वाढवल्याने चेंडू प्रत्यक्षात किती लांब जातो, हेही पाहिले पाहिजे. नियमानुसार गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असू शकत नाही. साडेतीनशे ग्रॅमच्या डोक्याने अशा चेंडूला स्पर्श केल्यावर त्याला जो वेग मिळतो, तो संवेगाच्या साध्या नियमाने काढता येतो. डोक्याचा वेग तोच ठेवून वजन ३५० वरून ३७० ग्रॅम केले, तर चेंडूचा वेग जेमतेम ०.६ टक्क्याने वाढतो आणि धाव सव्वा टक्क्याच्या आसपास. दहा मीटरच्या पटमध्ये हा फरक साधारण १३ सेंटिमीटरचा, म्हणजे एका वितीपेक्षाही कमी. मंद ग्रीनवर चेंडू पोचावा म्हणून जड स्क्रू लावणाऱ्याला प्रत्यक्षात मिळते ते एवढेच. ओल्या ग्रीनवर चेंडू त्याहून कितीतरी अधिक अडतो, आणि ती उणीव भरून काढायला पटर दोन बोटे अधिक मागे नेणे पुरेसे असते.

मग हे स्क्रू चुकीच्या फटक्याला तरी सांभाळून घेतात का? वजन मध्यापासून दूर, टाचेकडे आणि टोकाकडे नेले की पटरचे डोके फिरायला अधिक विरोध करते, म्हणजे त्याचे जडत्व आघूर्ण वाढते. ही कल्पना पटरमध्ये समर्थपणे आणली ती कार्स्टन सोलहाइम यांनी. ते जन्माने नॉर्वेजियन, जनरल इलेक्ट्रिकमधले अभियंता, चाळिशी ओलांडल्यावर गोल्फकडे वळलेले. १९५९ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या गॅरेजमध्ये पहिला पटर बनवला. चेंडूला लागल्यावर त्यातून जो आवाज निघे, त्यावरून त्याचे नाव पिंग पडले. १९६६ चा त्यांचा ॲन्सर हा पटर इतका योग्य ठरला की आजही पात्याच्या अनेक पटरमध्ये त्याचा तोंडवळा ओळखू येतो. माझ्या पटरलाही त्याच घराण्याचा म्हणता येईल, आणि एक अभियांत्रिकी शिकवणारी बाई म्हणून मला या गोष्टीचा मनापासून आनंद आहे.

पण सोलहाइम यांनी वजन आकारात बांधले होते. स्क्रू त्यात जी भर घालतात ती फार लहान असते. पात्याच्या पटरचे आघूर्ण ४५०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर धरले आणि चेंडू मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूला लागला, तर दहा मीटरच्या पटमध्ये तो सुमारे १८ सेंटिमीटर तोकडा पडतो. प्रत्येक स्क्रूत १० ग्रॅम वाढवून आघूर्ण ५००० केले, तर तो १६ सेंटिमीटर तोकडा पडतो. मोठ्या, मागे पसरलेल्या आकाराच्या काही पटरचे आघूर्ण १०,००० च्या घरात जाते आणि तिथे ही तूट आठ सेंटिमीटरवर येते. ज्याचा चेंडू वारंवार मध्य सोडून लागतो, त्याने स्क्रू बदलण्याऐवजी आकार बदलावा, हे त्यावरून स्पष्ट होते. एक स्क्रू जड आणि एक हलका ठेवून पटरचा कल बदलण्याचा उपायही सांगितला जातो. टाचेकडे १० आणि टोकाकडे २० ग्रॅम ठेवल्यास साडेतीनशे ग्रॅमच्या डोक्याचा गुरुत्वमध्य जेमतेम दीड मिलिमीटर सरकतो. माझे चेंडू पात्यावर कुठे लागतात हे पाहण्यासाठी मी एकदा पात्यावर पावडर लावून मारले, तेव्हा ठशांचा पसारा त्या दीड मिलिमीटरच्या कितीतरी पट होता.

आणि दिशा तर स्क्रूच्या हाती जवळजवळ नसतेच. कपचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. तीन मीटरवरून सरळ पट टाकायचा तर चेंडू मध्यरेषेपासून ५४ मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे, म्हणजे सुरुवातीची दिशा एका अंशाहून अधिक चुकता कामा नये. चेंडूची सुरुवातीची दिशा बहुतांशी स्पर्शाच्या क्षणी पात्याचे तोंड कुठे आहे यावर ठरते. तो एक अंश नजर, उभे राहणे, पकड आणि रोजचा सराव यांतून मिळतो. मी दोन मीटरचे पट चुकवून सोमवारी चावी हातात घेत होते, तेव्हा माझे चुकत होते ते इथे.

हे सारे कागदावर उतरल्यावर मी एक हिवाळा नेटाने प्रयोग केला. दव ओसरल्यावर, सकाळी साडेआठच्या सुमारास, एकाच सरावाच्या ग्रीनवर, दोन, सहा आणि दहा मीटरवरून, प्रत्येकी वीस चेंडू. एका आठवड्यात एकच वजन, मग दुसरे, मग पुन्हा पहिले. कोणते स्क्रू लावले आहेत हे मामांना मी सांगत नसे, ते फक्त चेंडू कपच्या अलीकडे थांबला की पलीकडे, हे वहीत मांडत. वहीतून जे दिसले ते असे : दोन मीटरवर कोणत्याही वजनाने काही फरक पडला नाही. दहा मीटरवर १० ग्रॅमच्या जोडीने चेंडू कपच्या मागे-पुढे विखुरले, २० ग्रॅमच्या जोडीने ते एकत्र आले, आणि त्याहून जड जोडीने सुरुवातीला बरे वाटले, पण उतारावरचे नाजूक पट हातातून निसटू लागले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मामांनी सांगितली, वहीने नव्हे. प्रत्येक बदलानंतरचे पहिले दोन दिवस, मग वजन कोणतेही असो, वाईटच जात होते.

त्या हिवाळ्यानंतर माझे उत्तर दुसऱ्यांदा बदलले आणि आता ते तिथेच टिकले आहे. पटर आपल्या शरीराला बसवण्यासाठी हे स्क्रू फार मोलाचे आहेत. ज्याची उंची बाजारातल्या मापाशी जुळत नाही, ज्याला दांडा कापावा लागतो किंवा जाड आणि जड पकड बसवावी लागते, त्याच्या पटरचा गेलेला तोल परत आणण्याचा याहून सोपा मार्ग नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्त्रिया, मुले आणि कितीतरी पुरुष यांना ३५ इंची पटर लांब पडतो, तरीही मिळाला तसा तो वर्षानुवर्षे वापरला जातो, आणि पटिंग जमत नाही हा दोष माणूस स्वतःकडे घेतो, याचे मला फार वाईट वाटते. खेळाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेल्या कोर्समध्ये प्रत्येक ग्रीनला दोन धरले तर ३६ फटके, म्हणजे नेमके निम्मे, पटरचे असतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, पदकापासून केवळ एका फटक्याने दूर राहिली. तिचा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, त्या स्पर्धेतल्या सर्वांत आखूड ड्राइव्हपैकी होता, तिला तिथवर नेले ते तिच्या पटरने. लांब मारण्याची ताकद सगळ्यांना मिळत नाही, पण स्वतःच्या मापाचा पटर प्रत्येकाला मिळू शकतो.

ज्याला बाजारातले माप बरोबर बसते आणि ज्याचा पटर हाताला जमलेला आहे, त्याने मात्र केवळ स्क्रूंसाठी अधिक पैसे मोजू नयेत. शंका असलीच, तर शिशाची चिकटपट्टी मिळते. अर्धा इंच रुंदीची दहा सेंटिमीटर पट्टी साधारण दोन ग्रॅम भरते. ती तळाला चिकटवून महिनाभर खेळावे, बरे वाटल्यास अजून एक चिकटवावी, आणि मगच खरेदीचा विचार करावा. नियमांचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी : फेरी सुरू असताना मुद्दाम वजन बदलून त्या पटरने फटका मारला, तर स्पर्धेतून बाद व्हावे लागते. माझी चावी म्हणूनच आता पिशवीत नसते, घरी टेबलाच्या खणात असते. पावसाळ्यात स्क्रूंच्या खाचांत चिखल जातो, तो काढण्यापुरतीच ती बाहेर येते. एकदा एक स्क्रू किंचित सैल राहिला होता आणि प्रत्येक पटला बारीक कणकण ऐकू येत होती, तेव्हापासून घट्टपणा मात्र मी दर महिन्याला तपासते.

गेल्या महिन्यात सरावाच्या ग्रीनवर एक बारा वर्षांची मुलगी आली होती. तिच्या वडिलांनी आपला जुना पटर तिच्यासाठी कापून तीस इंचांचा करून आणला होता. ती मनगटातून चेंडूला टोले देत होती आणि सहा मीटरवरचा एकही पट कपजवळ थांबत नव्हता. वडील तिला पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘अगं, हळू, हात स्थिर ठेव.’ मी पटर हातात घेऊन पाहिला. डोके काडीसारखे हलके लागले, त्याला स्क्रू नव्हतेच. पिशवीतून शिशाची पट्टी काढून मी तिचे चार तुकडे तळाला एकावर एक चिकटवले आणि पटर तिच्या हाती दिला. तिने तो दोनदा नुसताच झुलवला, मग चेंडूजवळ उभी राहिली. चेंडू कपच्या पलीकडे हातभर जाऊन थांबला. दुसरा तेवढ्याच अंतरावर, पहिल्याला खेटून थांबला. ती वळून म्हणाली, ‘काकू, अजून एक पट्टी लावूया?’ मामा म्हणाले, ‘आधी हिच्याशी ओळख होऊ दे, बाळ,’ आणि त्यांनी तिच्यापुढे तिसरा चेंडू ठेवला.